गोळी ओतण्याआधी नळी मोजा

९ जुलै १७७६. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यापुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून झाला आणि त्याच रात्री जमावाने बोलिंग ग्रीनमधला राजा तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा होता, वरून सोन्याचा मुलामा. त्याचे तुकडे करण्यात आले आणि बरेचसे शिसे कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड गावी, ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरी पोचले. तिथे घरच्या आणि शेजारपाजारच्या बायकामुलांनी ते वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. हिशेब अगदी चोख ठेवला गेला. वोल्कॉट यांच्या मुलांपैकी मेरी ॲनच्या नावावर १०,७९० गोळ्या, लॉराच्या नावावर ८,३७८ आणि धाकट्या फ्रेडरिकच्या नावावर ९३६. सगळ्यांच्या मिळून ४२,०८८.

शाळकरी पोरासोरांना हाताशी घेऊन युद्धसामग्री तयार करता आली, ती शिशाच्या स्वभावामुळे. लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस लागतात, तांब्याला १,०८५. शिसे ३२७ अंशांवरच पातळ होते, म्हणजे घरातल्या चुलीवरही काम भागते. शिवाय ते जड आहे. पाण्याच्या तुलनेत त्याची घनता ११.३४ पट असल्याने लहानशा गोळीतही भरपूर वजन मावते आणि हवेचा अडथळा कापत ती दूरवर जाते. ते मऊही आहे, त्यामुळे पोलादी नळीला इजा न करता नळीच्या आकाराशी जुळवून घेते. लवकर वितळणारा, जड आणि मऊ असा दुसरा स्वस्त धातू नाही. बंदुकीच्या जन्मापासून शिसे तिला चिकटले ते त्यामुळेच.

आज अमेरिकेत रायफलसाठी शिशाच्या गोळ्या घरी ओतणे हा रीतसर छंद आहे. त्याची साधने बनवणाऱ्या कंपन्या आहेत, जाडजूड मार्गदर्शिका आहेत, फक्त ओतीव गोळ्यांसाठीच्या नेमबाजी स्पर्धा आहेत. कोणी खर्च वाचावा म्हणून या वाटेला येतो, कोणी आजोबांच्या जुन्या रायफलला बाजारात गोळी मिळत नाही म्हणून, तर कोणाला कमी धक्क्याच्या सौम्य काडतुसांवर सराव करायचा असतो. नवख्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: गोळी कठीण कशी करायची? जुनेजाणते मात्र त्याला वेगळाच प्रश्न विचारतात: नळी मोजली का?

गोल गोळीपासून लांबट गोळीपर्यंत

वोल्कॉटच्या घरी ओतलेल्या गोळ्या गुळगुळीत नळीच्या मस्केटसाठी होत्या. तिथे मापाची फारशी पत्रास नसे. गोळी नळीपेक्षा थोडी लहानच ठेवत, म्हणजे ती तोंडातून झटपट आत सरकवता येई. नेम मात्र बेताचाच लागे.

रायफलची गोष्ट वेगळी. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात. गोळीने या खाचा घट्ट पकडल्या तर ती भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. पकड सैल असेल तर खाचा असून नसल्यासारख्याच. पूर्वी गोल गोळीभोवती तेलकट कापडाचा तुकडा गुंडाळून ती ठोकून आत बसवत. नेम छान लागे, पण बंदूक भरायला वेळ लागे आणि रणांगणावर वेळच नसतो.

यावर तोडगा काढला फ्रेंच लष्करी अधिकारी क्लोद-एतियेन मिनिए याने, १८४०च्या दशकाच्या अखेरीस. त्याची गोळी लांबट होती, नळीपेक्षा किंचित लहान आणि बुडाशी पोकळ. बार उडाला की वायूच्या दाबाने हे पोकळ बूड फुगे आणि खाचांत घट्ट बसे. भरताना सैल, सुटताना घट्ट. याच कल्पनेवर इंग्रजांची १८५३ची एनफिल्ड रायफल उभी राहिली आणि अमेरिकेच्या यादवी युद्धातही याच धर्तीच्या गोळ्या दोन्ही बाजूंनी वापरल्या.

एनफिल्ड म्हटल्यावर आपल्याला १८५७ आठवते. त्या काडतुसाचे गोळीकडचे टोक चरबीत बुडवलेले असे. गाय आणि डुकराच्या चरबीवरून काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. पण गोळीला वंगण मुळात हवेच कशाला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कोरडे शिसे वेगाने पोलादावर घासले की त्याचा थर नळीत चिकटून राहतो, खाचा बुजतात, पुढची गोळी भरणे अवघड होते आणि नेम चुकू लागतो. हे टाळण्यासाठी काहीतरी ओशट लागतेच. ते प्राण्याच्या चरबीचेच असावे असे मात्र नाही. शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, असा मार्ग सरकारने जानेवारी १८५७ मध्ये काढला, पण तोवर विश्वास उडाला होता. आजही ओतीव गोळ्यांच्या वंगणात मधमाश्यांचे मेण हा मुख्य घटक असतो.

पुढे मागून भरायच्या रायफली आल्या. अमेरिकी लष्कराच्या १८७३च्या ४५-७० काडतुसात ४०५ ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची, शिशाची गोळी असे. मग १८८०च्या दशकात दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या. स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिन याने गोळीला तांब्याचे कवच चढवले आणि फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली. गोळीचा वेग एकदम वाढला. नुसते शिसे त्या वेगाला टिकेना. लष्करांनी कवचाची गोळी स्वीकारली आणि ओतीव गोळी छांदिष्टांच्या हाती आली.

आधी माप

कारखान्यातली कवचाची गोळी ठरावीक मापाची असते आणि बहुतेक नळ्यांत ती चालून जाते. ओतीव गोळीचे तसे नाही. ती नळीच्या खाचांच्या व्यासापेक्षा एक ते दोन हजारांश इंच मोठी असावी लागते. लहान राहिली तर बाजूच्या फटीतून तापलेला वायू पुढे निसटतो, गोळीची कड वितळवतो आणि ते शिसे नळीत फासतो. नवखा माणूस नळीत शिसे पाहतो आणि गोळी मऊ पडली असे समजून ती आणखी कठीण करतो. कठीण गोळी दाबाखाली फुगतही नाही. फट तशीच राहते आणि शिसे आणखी चिकटते. या छंदात सर्वाधिक लोक फसतात ते या फेऱ्यात.

म्हणून सुरुवात भट्टीपासून नव्हे, मायक्रोमीटरपासून. रायफल रिकामी आहे याची खात्री करून, नळीला तेलाचा हात फिरवून, मऊ शिशाचा किंचित मोठा तुकडा नळीतून हलकेच ठोकत पलीकडे काढतात. त्याच्या अंगावर खाचांचा हुबेहूब ठसा उमटतो. ठशातला सर्वांत मोठा व्यास मोजायचा. विंचेस्टरच्या १८९५च्या ३०-३० काडतुसाच्या रायफलींत हा व्यास कागदोपत्री ०.३०८ इंच असतो. प्रत्यक्षात जुन्या नळ्या कमी-जास्त निघतात. ०.३०८ निघाला तर गोळी ०.३०९ ते ०.३१० हवी.

साचा निवडायचा तो यावरून. लायमन ही या क्षेत्रातली जुनी कंपनी. तिच्या साच्यांच्या क्रमांकातले पहिले तीन आकडे व्यास सांगतात. ३०-३० साठी वर्षानुवर्षे वापरात असलेला ३११०४१ हा साचा ०.३११ इंचाची, साधारण १७० ग्रेनची म्हणजे ११ ग्रॅमची गोळी देतो. ती नंतर मापाच्या पोलादी कड्यातून दाबून हव्या त्या व्यासावर आणतात. थोडी मोठी गोळी लहान करता येते, लहान गोळी मोठी करणे जिकिरीचे. या गोळीचे नाक सपाट आहे, तेही उगाच नाही. ३०-३० च्या बहुतेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या लांब कोठीत एकामागे एक बसतात आणि एकाचे नाक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टिकलीवर, टेकते. टोकदार नाक तिथे घातक ठरू शकते.

नवशिक्यासाठी ३०-३० किंवा ४५-७० ही चांगली सुरुवात. दोन्ही काडतुसे मध्यम वेगाची आहेत आणि ४५-७० तर ओतीव शिशासाठीच जन्मले. अतिवेगवान, लहान व्यासाच्या काडतुसांपासून सुरुवात केली तर हिरमोड होण्याची शक्यता जास्त.

शिशात काय मिसळायचे

शुद्ध शिसे नखाने ओरखडते. ब्रिनेल मापावर त्याची कठीणता ५ च्या आसपास. तोंडातून भरायच्या जुन्या पद्धतीच्या रायफलींना ते उत्तम. काडतुसाच्या रायफलीला थोडी भर लागते. ती भर दोन धातूंची: कथील आणि अँटिमनी.

कथिलामुळे कठीणपणा थोडाच वाढतो, पण पातळ धातूचा पृष्ठताण कमी होतो आणि तो साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. दोन टक्के कथील बहुधा पुरते. कथील महाग, त्यामुळे जास्त घालण्यात शहाणपण नाही. कठीणपणा येतो अँटिमनीमुळे. लायमनचे प्रसिद्ध क्रमांक दोनचे मिश्रण म्हणजे ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी. त्याची कठीणता १५ च्या घरात. मध्यम वेगासाठी एवढे पुरून उरते.

अमेरिकी छांदिष्टांचा आवडता कच्चा माल म्हणजे मोटारीच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावतात ती वजने. क्लिपने अडकवायच्या जुन्या वजनांत सुमारे तीन टक्के अँटिमनी, जरासे कथील आणि लेशमात्र आर्सेनिक असे, म्हणजे जवळजवळ तयार मिश्रणच. आता कॅलिफोर्नियासह काही राज्यांनी शिशाच्या वजनांवर बंदी घातली आहे आणि भंगारात जस्ताची व लोखंडाची वजने मिसळलेली असतात. जस्त ४१९ अंशांवर वितळते आणि थोडे जरी मिसळले तरी सबंध घाणा बिघडतो. धातू घट्ट खिरीसारखा होतो, साचा भरत नाही. म्हणून भंगार वितळवताना तापमान ३७० अंशांच्या खाली ठेवतात. जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात आणि झाऱ्याने काढून टाकता येतात.

दुसरा नामांकित स्रोत छापखान्याचा. लायनोटाइप यंत्राच्या धातूत ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते. हे मिश्रण २५० अंशांच्या आतच पातळ होते, थंड होताना फारसे आकसत नाही आणि साच्याची रेघन्‌रेघ उचलते. अक्षराच्या बारीक कडांसाठी जे गुण हवेत तेच गोळीच्या बुडासाठीही हवेत. आपल्याकडेही खिळ्यांच्या छपाईचा धातू शिसे, अँटिमनी आणि कथील यांचाच असे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी सुबक देवनागरी वळण घडवले ते याच धातूतून. संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाल्यावर अमेरिकी वृत्तपत्रांचा टनावारी लायनो धातू भंगारात निघाला आणि त्यातला बराच गोळ्या ओतणाऱ्यांनी उचलला. तो एकटा वापरणे ही उधळपट्टी. मऊ शिशात मिसळून पुरवून वापरायचा.

एक भंगार मात्र घरात आणूच नये: गाडीच्या बॅटऱ्या. त्यांच्या पट्ट्यांमध्ये आम्ल असते आणि त्या वितळवताना निघालेला मळ पाण्याच्या संपर्कात आला तर अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतात. नेमबाजीच्या मैदानातून वेचलेल्या शिशातही एखादे न उडालेले काडतूस सापडते. ते वितळत्या भांड्यात गेले तर काय होईल हे सांगायला नको.

भट्टी तापल्यावर

बहुतेक जण दहा ते वीस पौंडांची विजेची भट्टी घेतात. एक पौंड म्हणजे ७,००० ग्रेन, तेव्हा एका पौंडात १७० ग्रेनच्या ४१ गोळ्या बसतात. काही भट्ट्यांना खालून तोटी असते, काहींतून पळीने धातू घ्यावा लागतो. पळी संथ चालते. नवख्याला तो संथपणा फायद्याचाच. सोबत धातूचा तापमापी हवाच. अंदाजाने धातू तापवणे हे निम्म्या चुकांचे मूळ.

भंगार स्वच्छ करण्याचे काम वेगळ्या भांड्यात, उघड्यावर उरकायचे आणि धातूच्या लहान विटा पाडून ठेवायच्या. ओतण्याच्या भट्टीत फक्त या स्वच्छ विटा जातात. धातू पातळ झाला की वर राखाडी साय धरते. ती केर समजून उपसून फेकणे ही नेहमीची चूक, कारण हवेशी आधी संयोग पावते ते कथील आणि त्या सायीत तेच जास्त असते. चिमूटभर मेण किंवा मूठभर सुका लाकडी भुसा टाकून लाकडी काठीने ढवळले, भांड्याची तळ-बाजू खरवडली, की कार्बन त्या सायीतला प्राणवायू ओढून घेतो, कथील पुन्हा धातूत उतरते आणि खरा केर काळ्या भुकटीच्या रूपात वर येतो. तो काढायचा. मेण पेट घेते, तेव्हा तोंड लांब ठेवावे.

धातू ३७० ते ४०० अंशांवर ठेवायचा. साचा दोन ठोकळ्यांचा असतो, ॲल्युमिनियमचा, लोखंडाचा किंवा पितळेचा, आणि वर भोकाची सरकती पट्टी. साचाही तापलेला हवा. भट्टीच्या कडेवर ठेवून त्याला आधी ऊब देतात. एवढे करूनही पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्याच निघतात, पहिले घावन तव्याला चिकटते तसेच. त्या परत भट्टीत टाकायच्या आणि हात न थांबवता ओतत राहायचे.

ओतताना पट्टीवर धातूचे छोटे डबके शिल्लक ठेवावे. गोळी थंड होताना आकसते तेव्हा तिला वरून धातू मिळतो तो या डबक्यातून. काही सेकंदांत डबक्याची चकाकी जाऊन ते एकदम मंद पडते. आणखी दोनचार सेकंद थांबून पट्टी फिरवायची. कापलेल्या जागी शिसे फासले गेले तर घाई झाली. मग साचा उघडायचा आणि गोळी घडी घातलेल्या जाड कापडावर पाडायची. अडकली तर दांड्यांच्या बिजागरीच्या खिळ्यावर लाकडाने टिचकी मारायची. ठोकळ्यांवर मारणे म्हणजे महागडा साचा स्वतःच्या हाताने वाकवणे.

गोळी काय सांगते

प्रत्येक गोळी आपल्या तापमानाचा अहवाल अंगावर घेऊन येते. सुरकुत्या पडल्या असतील तर साचा थंड आहे किंवा त्याला तेल लागले आहे. अंगावर दाट दहिवर पडल्यासारखा पांढुरका खरखरीतपणा असेल तर साचा जास्त तापला. वेग कमी करावा. हलका पांढुरकेपणा चालतो. खाचा भरल्या नसतील, कडा गोलसर असतील, तर उष्णता किंवा कथील कमी पडते. दोन्ही अर्ध्यांच्या सांध्यावर पातळ पापुद्रा निघाला तर ठोकळे नीट मिटत नाहीत. मध्ये शिशाचा कण अडकला असेल.

सर्वांत कडक नजर बुडावर ठेवायची. बुडाची कड सर्व बाजूंनी धारदार हवी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा डॉक्टर फ्रँकलिन मान याने आयुष्यातली कित्येक वर्षे गोळीच्या उड्डाणावर प्रयोग केले आणि १९०९ मध्ये ते पुस्तकरूपाने छापले. त्याने मुद्दाम काही गोळ्यांची नाके बिघडवली, काहींची बुडे. नाक बिघडलेल्या गोळ्या फारशा भरकटल्या नाहीत, बूड बिघडलेल्या भरकटल्या. कारण नळीच्या तोंडातून सर्वांत शेवटी बूड बाहेर पडते. त्या क्षणी वायू एका बाजूने आधी सुटला तर गोळीला तिरका धक्का बसतो. नाकावरचा ओरखडा डोळ्याला खुपतो, पण नेम बिघडतो तो बुडामुळे.

डोळ्यांनी निवड झाली की तराजू. आत हवेचा बुडबुडा राहिलेली गोळी बाहेरून निर्दोष दिसते, पण वजनाला कमी भरते. हलक्या निघालेल्या गोळ्या बाजूला काढायच्या. वाया काहीच जात नाही; पुढच्या घाण्यात त्या पुन्हा वितळतात.

वंगण, टोपी आणि वेग

गोळीच्या अंगावर आडव्या खाचा असतात त्या वंगणासाठी. छोट्या हातयंत्रात गोळी पोलादी कड्यातून दाबली जाते, त्याच वेळी तिचा व्यास नेमका होतो आणि खाचांत वंगण भरले जाते. गेल्या काही वर्षांत अनेकांनी वंगण सोडून रंगाच्या कोरड्या भुकटीचा मार्ग धरला आहे. भुकटी फासून गोळ्या २०० अंशांच्या आसपास सुमारे वीस मिनिटे भाजल्या की अंगावर पातळ, चिवट थर बसतो, हातही कमी माखतात. भाजण्याची भट्टी अर्थातच स्वयंपाकघराबाहेरची, कायमची वेगळी. थराने व्यास वाढतो, म्हणून माप पुन्हा घ्यावे लागते.

साध्या बुडाची ओतीव गोळी सेकंदाला ४०० मीटरच्या आसपासपर्यंत सुखाने चालते. त्यापुढे तापलेला वायू बूड खाऊ लागतो. तेव्हा बुडाला तांब्याची पातळ टोपी बसवतात. टोपी, योग्य व्यास आणि बरे मिश्रण यांच्या जोरावर ५५० ते ६०० मीटरपर्यंत मजल जाते. ३०-३० ची कवचाची गोळी ६७०च्या आसपास धावते, म्हणजे फार मागे राहिलो असे नाही. त्याहून जास्त वेगाचा हव्यास नवशिक्याने धरू नये.

गोळी हा काडतुसाचा एकच भाग. पुंगळी, प्रायमर आणि दारू हे बाकीचे तीन, आणि ते जुळवणे ही वेगळी विद्या आहे. ओतीव गोळीसाठी दारूचे प्रमाण कवचाच्या गोळीहून वेगळे असते. ते प्रमाण छापील, चाचणी झालेल्या मार्गदर्शिकेतूनच घ्यायचे. मित्राचा तोंडी सल्ला इथे चालत नाही.

पाणी आणि हात

वितळलेल्या शिशाचा पहिला शत्रू पाण्याचा थेंब. धातूखाली गेलेले पाणी क्षणात वाफ होते, आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढते आणि भांड्यातले शिसे कारंज्यासारखे उडते. दमट वीट, ओली पळी, कपाळावरचा घाम, थंड पेयाच्या बाटलीवरून ओघळलेला थेंब, कशानेही हे होऊ शकते. म्हणून जास्तीचा धातू घालायचा तर वीट आधी भट्टीच्या कडेवर तापवून कोरडी करायची. चेहरा झाकणारी ढाल किंवा निदान चष्मा, कातडी हातमोजे, लांब बाह्यांचा सुती शर्ट, बंद बूट ही किमान तयारी. काही जण कठीणपणासाठी तापलेल्या गोळ्या पाण्यात पाडतात. त्याचा परिणाम खरा आहे, पण भट्टीशेजारी पाण्याची बादली ठेवण्याची घाई नवशिक्याला नको. मापाची गोळी असेल तर बहुधा त्याची गरजही पडत नाही.

दुसरा धोका सावकाश येतो. शिसे विषारी आहे. भट्टीच्या वाफेची धास्ती सर्वांना असते, पण शिसे उकळते १,७४९ अंशांवर. ४०० अंशांवर त्याची वाफ फारच थोडी. शरीरात ते जाते ते मुख्यतः मळाच्या भुकटीतून, जमिनीवरच्या धुळीतून आणि बोटांवरून तोंडात. म्हणून उघड्यावर किंवा हवेशीर शेडमध्ये काम, तिथे खाणे-पिणे-सिगारेट नाही, झाडूने धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, काम झाल्यावर साबणाने हात-तोंड धुणे आणि कपडे वेगळे धुणे. मुले आणि गरोदर स्त्रिया आसपास नकोत. वाढत्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तासाठीचा इशाऱ्याचा आकडा डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणला. लिचफील्डच्या त्या मुलांच्या रक्तात किती शिसे उतरले असेल, याची नोंद घेण्याचे तेव्हा कोणाला सुचण्याचे कारण नव्हते. आज नियमित ओतकाम करणाऱ्याने वर्षातून एकदा रक्त तपासावे.

शिशाचा त्रास माणसापुरता थांबत नाही. शिकारीनंतर रानात राहिलेल्या अवशेषांतले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियाचे काँडर गिधाड मरत होते. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाचा दारूगोळा पूर्ण बंद केला. घरी ओतलेली गोळीही त्यातून सुटत नाही.

कायदा कोणाला काय सांगतो

भारतात हा छंद नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही येतात, आणि विनापरवाना निर्मिती हा गंभीर गुन्हा आहे. हातात बंदुकीचा परवाना असला म्हणजे गोळ्या ओतण्याची मुभा मिळाली असे होत नाही.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्रीसाठी लागतो, आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे. तिथल्या मराठी मंडळींनी एक बाब आवर्जून लक्षात घ्यावी. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक वा दारूगोळा बाळगायला संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असे काही मोजके अपवाद आहेत. दारूगोळ्याच्या व्याख्येत नुसती गोळीही येते. म्हणजे एखाद्या सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये हौसेने ओतलेल्या आणि आठवण म्हणून घरी आणलेल्या चार गोळ्याही अडचणीत आणू शकतात. तेव्हा आधी वकिलाचा सल्ला, मग हौस.

ज्याला कायद्याने मोकळीक आहे त्याने पहिली खरेदी साच्याची करू नये. आधी मायक्रोमीटर, तापमापी, चेहऱ्याची ढाल, हातमोजे आणि एक चांगली छापील मार्गदर्शिका घ्यावी. नळी मोजावी, तिच्या मापाचा साचा मागवावा आणि पहिले काही घाणे एखाद्या जाणत्याच्या शेजारी उभे राहून ओतावेत. कठीणपणाचा विचार त्यानंतर करावा. बहुतेकांना तो करण्याची वेळ येतच नाही.